आपल्या माघारी शेत अडू नये
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



आज मी बियाणे, खत किंवा फवारणी यांविषयी बोलणार नाही. आज कागदांविषयी बोलायचे आहे. घरातला कर्ता माणूस अचानक गेला, अंथरुणाला खिळला किंवा घरात काही उलथापालथ झाली, तर शेत कोणी कसायचे, सह्या कोणी करायच्या आणि कोणाच्या वाट्याला काय यायचे, हे आधी लिहून ठेवण्याविषयी. हा विषय काढला की माणसे उठून जातात, हे मला ठाऊक आहे. महसूल खात्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. एकदा एका पारावर मी मृत्युपत्राची गोष्ट काढली, तर एक आबा म्हणाले, "सर्कलसाहेब, माझ्या गोवऱ्या अजून मसणात गेल्या नाहीत. आत्तापास्नं कशाला?" सगळे हसले, मीही हसलो. पण ज्यांच्या गोवऱ्या मसणात गेल्या आहेत, त्यांना पुष्कळ वेळा सही करण्याइतके त्राण उरलेले नसते. म्हणून हे काम धडधाकट असतानाच करायचे.

माझ्या पाहण्यातील एक घर सांगतो. नाव-गाव नको. बावन्न वर्षांचा तगडा गडी. श्रावणात रात्रपाळीची वीज होती, मोटार चालू करायला गेला, स्टार्टरच्या पेटीत ओल उतरलेली, आणि शॉक बसून जागीच गेला. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी. धाकटा मुलगा अजून शाळेत. दहावे-तेरावे झाल्यावर बायको सोसायटीत गेली, तर सचिव म्हणाला, "वहिनी, सातबाऱ्यावर तुमचं नाव लागू द्या, मग कर्जाचं बघू." ती तलाठ्याकडे गेली. तेथे कळले की सातबाऱ्यावर नवऱ्याचेही नाव नाही! अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचेच नाव अजून चालू होते. म्हणजे आधी सासऱ्याचे वारस लावायचे, त्यात दीर आला, दोन नणंदा आल्या, त्यांतली एक गुजरातेत. आणि मग नवऱ्याचे वारस. रब्बीची पेरणी उधारीच्या बियाण्यावर झाली. दुःख करायलाही त्या बाईला सवड मिळाली नाही. तो माणूस बेफिकीर होता असे नाही, बरं का. बांध नीटनेटके, बैल पोसलेले, बियाणे वेळेवर. फक्त कागदाकडे पाहायचे राहून गेले.

तेव्हा पहिले काम मृत्युपत्राचे नाही. पहिले काम आपला सातबारा, आठ-अ आणि शेवटचा फेरफार काढून वाचणे. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या. वर नाव कोणाचे आहे? ते माणूस हयात आहे का? वडील, आजोबा वारले असून नाव तसेच असेल, तर वारस नोंदीचा अर्ज द्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्याप्रमाणे वारसाने जमिनीत हक्क आला तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडी अजून भाऊसाहेबच. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे-पत्ते द्यावे लागतात. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, फेरफार नमुना ६ मध्ये धरला जातो, नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. मयताची नावे काढून वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली, त्यावरून हे दुखणे घरोघरचे आहे हे कळेल.

वारसांची नावे सांगताना बहिणींची नावे गाळू नका. "त्या काय मागणार आहेत?" असे म्हणून नावे गाळलेल्या नोंदी पुढे वीस-वीस वर्षे कोर्टात नाचताना मी पाहिल्या आहेत. बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल, तर तो तिने आपल्या राजीखुशीने, नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने सोडावा. ते पत्र बाराव्याच्या गर्दीत, डोळ्यांतले पाणी खळायच्या आत तिच्यापुढे सरकवू नये. मला स्वतःला ही चाल कधीच आवडली नाही.

सातबाऱ्यावर नावापुढे ए.कु.मॅ. असे लिहिलेले आढळले, तर तेथेही थांबा. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागलेले असते आणि बाकीचे भाऊ-बहीण कागदावर दिसतच नाहीत. थोरला असेपर्यंत सगळे गोड चालते. तो गेला की त्याची मुले म्हणतात, "सातबारा तर आमच्या दादांचाच." तसेच अ.पा.क. असा शेरा असेल, तर ती अज्ञान मुलाच्या पालनकर्त्याची नोंद होय. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर अर्ज देऊन ती कमी करून घ्यायची असते. चाळिशीतला बाप्या, पण सातबाऱ्यावर अजून अज्ञान, असेही मासले आहेत.

आता समजा, काहीच लिहून ठेवले नाही आणि माणूस गेला. मग काय होते? हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. स्वतः कमावलेली सहा एकर जमीन आहे, मागे आई, बायको, दोन मुलगे व एक मुलगी आहे, तर पाच वाटे सारखे पडतात. सहा एकर म्हणजे दोनशे चाळीस गुंठे; प्रत्येकाला अठ्ठेचाळीस गुंठे, म्हणजे एक एकर आठ गुंठे. मुलीचा वाटा मुलाइतकाच आणि आईचाही तितकाच. आई वारसांत येते हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आणखी एक ध्यानात ठेवा. मुलगा बापाच्या आधी वारला असेल, तर त्या मुलाचा वाटा त्याच्या विधवा बायकोला व मुलांना मिळतो. तरुण सुनेला "तुझा नवराच गेला, आता तुझं इथं काय?" असे म्हणणारे दीर असतात. कायदा तसे म्हणत नाही.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब निराळा. तिच्यात मुलगा आणि मुलगी दोघेही जन्मापासून वाटेकरी आहेत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला हा हक्क दिला. २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. म्हणून वडिलोपार्जित जमिनीचे मृत्युपत्र करताना आपण फक्त आपला हिस्सा देऊ शकतो, सगळी जमीन नाही. आपली कोणती जमीन वडिलोपार्जित आणि कोणती खरेदीची, हे जुन्या फेरफारांवरून कळते. खरेदीखत जपून ठेवा, ते याच कामी येते. मुसलमान बंधूंचा कायदा वेगळा आहे. त्यांना मृत्युपत्राने साधारणपणे तिसरा हिस्साच देता येतो, त्याहून जास्तीला बाकीच्या वारसांची संमती लागते.

आता मृत्युपत्र. त्याला स्टँप लागत नाही. साध्या कागदावर, आपल्या मराठीत लिहिलेले चालते. लिहिणारा शुद्धीत असावा आणि कोणाच्या दाबाखाली नसावा. त्याने सही किंवा अंगठा करायचा आणि ते पाहिलेल्या निदान दोन साक्षीदारांनी त्याच्यादेखत सह्या करायच्या. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून घ्यावी असे मी सांगेन. कागद हरवला किंवा कोणी लपवला तरी त्याची नक्कल मिळते. वय झालेले असेल किंवा दुखणे चालू असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडावा, की गृहस्थ शुद्धीवर आहेत व त्यांना सर्व समजते. मात्र नोंदणी केली म्हणजे मृत्युपत्र आपोआप सिद्ध झाले, असे नव्हे. भांडण कोर्टात गेले तर साक्षीदाराला उभे राहून सांगावे लागते की, होय, माझ्यासमोर सही झाली.

येथे माझ्याच घरची फजिती सांगतो. माझ्या वडिलांनी मृत्युपत्र केले, आणि साक्षीला बसवले आपले दोन जिवाभावाचे सोबती. दोघेही वडिलांपेक्षा वयाने मोठे! वडील गेले तोवर दोघेही केव्हाच पुढे गेले होते. चुलत्यांनी हरकत घेतली, आणि त्या दोघांचे हस्ताक्षर ओळखणारी माणसे शोधीत मी दोन वर्षे हिंडलो. मी महसूल खात्यातला, लोकांना शिकवणारा, आणि घरचा कागद कधी उघडून पाहिला नव्हता. तेव्हा साक्षीदार आपल्याहून तरुण, गावातच राहणारे आणि खरे बोलणारे पाहावेत.

मृत्युपत्रात "माझी सर्व जमीन दोन्ही मुलांना सारखी" एवढेच लिहून सोडू नका. गट नंबर लिहा, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र लिहा, चतुःसीमा लिहा, कोणाला कोणत्या बाजूचा तुकडा ते लिहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी आणि वाट. माझ्या नोकरीत भावाभावांची जी भांडणे आली, त्यांत जमिनीवरून थोडी आणि विहिरीवरून जास्त. विहीर थोरल्याच्या तुकड्यात आली, मीटर मयत वडिलांच्या नावावर, पाइपलाइन धाकट्याच्या शेतातून गेलेली. वडील होते तोवर पाण्याच्या पाळ्या तोंडी चालत. ते गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात थोरल्याने पेटीला कुलूप लावले आणि धाकट्याचा ऊस उभा वाळला. म्हणून लिहा: विहीर सामाईक, आठवड्यातले अमुक दिवस थोरल्याचे, अमुक दिवस धाकट्याचे, मोटार-दुरुस्ती व वीजबिल निम्मे-निम्मे, पाइपलाइन आहे तशी राहील, ती कोणी उखडायची नाही. गाडीवाट कोणत्या बांधाने आणि किती फूट रुंद, हेही लिहा. बैलगाडीची वाट ट्रॅक्टरला पुरत नाही, हा विचार आताच करा. बांधावरची आंब्याची झाडे, गोठा, खळ्याची जागा, यांचाही उल्लेख करावा. लोक हसतील, हसू देत.

गावठाणातले घर विसरू नका. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा घरपट्टीचा कागद. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर नाव बरोबर आहे का ते पाहा. आणि जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, इनाम-वतनाची किंवा कुळकायद्याने मिळालेली असेल, किंवा वाटे फार लहान पडत असतील, तर लिहिण्यापूर्वी तहसील कचेरीत विचारा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, आणि वर्ग दोनच्या जमिनीला परवानगीच्या अटी असतात. शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला मृत्युपत्राने शेतजमीन द्यायला निघालात, तर ते कुळकायद्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच एका निकालात सांगितले आहे.

आता पुष्कळ जण विचारतात, "मृत्युपत्राची भानगड कशाला? आत्ताच पोरांच्या नावावर करून टाकतो, म्हणजे मोकळा." बंधूंनो, येथे जरा दमाने घ्या. मृत्युपत्र आपण हयात असेपर्यंत केव्हाही बदलता येते, फाडता येते. बक्षीसपत्र एकदा नोंदले की साधारणपणे परत फिरत नाही. सगळे देऊन टाकले आणि मग म्हातारा-म्हातारीला पडवीत खाट मिळाली, असे होऊ नये. काही कारणाने जिवंतपणी द्यायचेच झाले, तर "आमचा सांभाळ करावा" ही अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ सालचा कायदा आहे. अट मोडली तर प्रांतसाहेबांपुढच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर तेथे वाद अवघड जातो. सगळ्यांचे एकमत असेल, तर वाटपाचा मार्गही खुला आहे. संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे सर्वांनी मिळून अर्ज करायचा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी शासनाने २०२५ साली माफ केली आहे. पण वाटप केले तरी म्हातारपणापुरता एक तुकडा नवरा-बायकोने आपल्या नावावर ठेवावा.

बायकोचे नाव सातबाऱ्यावर असावे की नाही, यावर घरोघर कुरकुर असते. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली, आणि पुष्कळ गावांत पुरुषांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. तेव्हाही लोक म्हणाले, बाई जमीन घेऊन माहेरी जाईल. कोणी गेल्याचे मी तरी ऐकले नाही. तिचे नाव असेल तर नवऱ्याच्या माघारी निदान तेवढ्या तुकड्यावर तिचे कर्ज, तिचा पीकविमा, तिचे अनुदान अडत नाही. आणि भगिनींनो, तुमच्या नावावर जमीन, दागिने, ठेव असेल, तर तुम्हीही मृत्युपत्र करा. मूलबाळ नसलेली आणि नवरा नसलेली बाई काही न लिहिता गेली, तर तिने स्वतः कष्टाने कमावलेलेसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जाते. ज्या भावाने किंवा भाचीने तिला सांभाळले, त्यांना नाही. नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा होऊन आलेली लेक तुमच्या घरी असेल, तर तिच्यासाठी राहायची खोली व पोटापुरते शेत नाव घालून लिहून ठेवा. तिचे भाऊ चांगले असतील. भावजया आणि भाचे कसे निघतील ते आज कोणाला ठाऊक?

बँकेतले आणि सोसायटीतले नॉमिनी तपासा. लग्नाआधी खाते उघडले तेव्हा वडिलांचे नाव दिलेले, वडील वारले, आणि नाव तसेच, असे फार आढळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढ्यापुरते ते नाव. पुढे ते वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे जायचे. थोरल्याला नॉमिनी केले म्हणून ठेव थोरल्याची झाली, असा गैरसमज करून घेऊ नका. कर्जाचेही लिहून ठेवा. सोसायटीचे किती, पतसंस्थेचे किती, हातउसने कोणाकडून घेतले, कोणाला दिले. बापाचे कर्ज वारसावर येते ते त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतेच. त्याच्या स्वतःच्या कमाईवर नाही. हे ठाऊक नसल्यामुळे सावकाराच्या दटावणीला भिऊन पोरांनी नको ते कागद करून दिल्याची उदाहरणे आहेत.

माणूस जातो तेव्हाच अडते असे नाही. पक्षाघात झाला, हात चालेना, बोलता येईना, तर? काही जण कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात. कचेरीतील हेलपाटे मुलाने करावे यासाठी ते उपयोगी आहे. पण करून देणारा वारला की ते संपते, आणि त्याची बुद्धी गेली तरी संपते. म्हणून मुखत्यारपत्र आहे, मग मृत्युपत्र कशाला, असे म्हणू नका.

वर सांगितलेल्या घरासारखा अपघात झाला, तर आणखी एक मुदत चालू होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत, वय दहा ते पंच्याहत्तरच्या दरम्यान असेल तर, अपघाती मृत्यूबद्दल वारसांना २ लाख रुपये मिळतात. वीज, शॉक, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात हे त्यात येतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यायचा असतो आणि त्याला सातबारा व ६-क ची वारस नोंद लागते. तेराव्यापर्यंत निम्मे दिवस संपलेले असतात. म्हणून घरातल्या निदान एका माणसाला हे ठाऊक असू द्या.

मृत्युपत्र एकदा केले की जन्माचे झाले, असेही नाही. मुलीचे लग्न झाले, नातू झाला, नवीन जमीन घेतली, एखादा गट विकला, मुलगा पुण्याला नोकरीला गेला तो परतेना, किंवा ज्याला दिले तोच आधी वारला, तर नवीन करा. त्यात "यापूर्वीचे सर्व मृत्युपत्र रद्द" असे एक वाक्य घाला. सर्वांत शेवटचे तेच चालते. मी ओळखतो ते एक गृहस्थ दर अक्षय तृतीयेला, शेतगड्यांचा सालाचा हिशेब झाल्यावर, पेटीतला कागद काढून वाचतात आणि परत ठेवतात. तीन वेळा त्यांनी तो बदलला.

कागद ठेवायचे कोठे? पत्र्याच्या पेटीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. वाळवी आणि उंदीर यांना गट नंबर कळत नाही. पेटीत सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, मोजणीचा नकाशा, मृत्युपत्राची प्रत, बँक व सोसायटीची पुस्तके, विम्याचे कागद, वीजबिल आणि देण्याघेण्याची यादी असावी. पेटी कोठे आहे आणि किल्ली कोठे आहे, हे बायकोला आणि एका मुलाला किंवा मुलीला सांगा. मृत्युपत्रात काय लिहिले ते सांगायचे की नाही, ते आपल्या घरची हवा पाहून ठरवा. ते आहे, एवढे मात्र सांगाच.

येत्या बाजारच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा सेतू केंद्रातून सातबारा व आठ-अ काढून आणा आणि रात्री जेवणानंतर घरात वाचा. वर मयताचे नाव निघाले, तर दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन भाऊसाहेबांकडे जा. दाखला हरवला असेल तर मृत्यू ज्या गावी नोंदला असेल तेथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो.